लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधले ग्रहण: साताऱ्यातल्या एका गल्लीचे नियोजन

२५ ऑक्टोबर २०२२ चे सूर्यग्रहण आकड्यांत बघितले तर किरकोळच. मुंबईत सूर्यबिंबाचा जास्तीत जास्त २४ टक्के भाग झाकला जाणार होता, साताऱ्यात त्याहून थोडा कमी. शिवाय ते ग्रस्तास्त, म्हणजे सुटायच्या आत सूर्य मावळेल असे. पाचला काही मिनिटे कमी असताना स्पर्श (ग्रहण लागणे), पावणेसहाच्या आसपास मध्य, आणि मोक्ष (ग्रहण सुटणे) व्हायच्या आतच, सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळणार. तरी घराघरात त्याचीच चर्चा, आणि ती तारखेमुळे. २४ ला लक्ष्मीपूजन, २६ ला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, आणि मधला अख्खा दिवस ग्रहणाने धरलेला.

शाळेत ग्रहण दाखवायचे असले की रांगा असतात, शिट्टी असते, ‘सर’ असतात. दिवाळीच्या सुट्टीत यातले काहीच नसते. मंगळवार तळ्याच्या अंगाला असलेल्या आमच्या गल्लीत तेव्हा पंचवीस-तीस पोरे होती. निम्मी इथली, निम्मी पुण्या-मुंबईहून आजोळी आलेली. सगळी मातीच्या किल्ल्यात कोपरापर्यंत बरबटलेली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे ‘सर, पोरांना ग्रहण दाखवा, पण डोळ्यांना काही होऊ देऊ नका’ हे काम आपसूक माझ्याकडे आले. हे टिपण त्या एका संध्याकाळच्या तयारीचे आहे. कुणाला पुढच्या ग्रहणाला उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहितोय.

माझे मत आधीच सांगून टाकतो. दाखवणाऱ्याच्या दृष्टीने लहान ग्रहण हे मोठ्या ग्रहणापेक्षा अवघड. २६ डिसेंबर २०१९ ला कासरगोड, कोइमतूरकडे कंकणाकृती (सूर्याची कड बांगडीसारखी उरणारे) आणि आपल्याकडे खंडग्रास (बिंब अर्धवट झाकणारे) ग्रहण झाले, तेव्हा साताऱ्यातही सूर्याचा बराच मोठा भाग झाकला होता. असे ग्रहण लोक गांभीर्याने घेतात. बिंबाचा पाचवा हिस्सा झाकला तर उजेड कमी झालेला कुणाला कळतसुद्धा नाही. मग पोरांना वाटते, ग्रहण लागलेच नाही की काय, बघू तरी. आणि उघड्या डोळ्याने वर बघितले जाते. उरलेले चार हिस्से जळतच असतात. झाकला गेलेला भाग काळा झाला म्हणून उघड्या भागाचे तेज उतरत नाही. डोळ्याच्या पडद्यावर त्या भागाची जी प्रतिमा पडते ती रोजच्या सूर्याइतकीच प्रखर.

खग्रास ग्रहणात, चंद्राने बिंब पूर्ण झाकल्यावर, तेवढी काही मिनिटे उघड्या डोळ्यांनी बघता येते. हे वाक्य मोबाइलवर फिरत फिरत आमच्या गल्लीपर्यंत अर्धेच पोचले होते: ‘मध्यावर असताना बघितले तर चालते.’ खंडग्रासात असा एकही क्षण नसतो, हे मला त्या आठवड्यात चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत सांगत फिरावे लागले.

डोंगराचा पेच

सातारा शहर डोंगरांच्या कुशीत बसले आहे. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, आणि दोघांच्या मधे बोगद्याकडची खिंड. ऑक्टोबरअखेर सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, दक्षिणेकडे बारा-तेरा अंश सरकून मावळतो. म्हणजे आमच्या पेठेतून बघितले तर यवतेश्वरच्या उतारापासून खिंडीपर्यंतच्या पट्ट्यात. पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो. आमचा सूर्य त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो. आदल्या आठवड्यात गच्चीवर उभे राहून वेळ टिपली, तर साडेपाचच्या सुमारास ऊन गेलेले. ग्रहणाचा मध्य पावणेसहाला. जे बघायचे तेच डोंगर गिळणार.

तरुण मंडळींचा तोडगा तयार होता: ‘सगळ्यांना घेऊन किल्ल्यावर जाऊ.’ अजिंक्यताऱ्यावरून पश्चिम मोकळी दिसते, हे खरे. पण पाच-सहा वर्षांची पोरे, कड्याचा भाग, सूर्य मावळल्यावर अंधारात उतरणे, वाटेवर फटाके, आणि सगळ्यांची नजर आकाशाकडे. दुसरा प्रस्ताव यवतेश्वर घाटाचा. दिवाळीच्या सुट्टीत कासच्या रस्त्याला गाड्यांची रांग असते. वळणावर पोरे उभी करून सूर्य दाखवायचा म्हणजे डोळे वाचवताना हातपाय घालवायचे.

मी हिशेब मांडला. स्पर्शापासून मध्यापर्यंत तासाभराचा अवधी. चंद्राची कड सुरुवातीला भराभर आत शिरते, मध्याजवळ तिचा वेग मंदावतो. साडेपाचला जेवढा घास दिसेल आणि पावणेसहाला जेवढा दिसेल, यातला फरक गॉगलमधून बघणाऱ्या पोराला जाणवणारही नाही. त्या फरकासाठी डोंगर चढायचा नाही. गल्लीतच बघायचे आणि डोंगराने सूर्य नेला की कार्यक्रम संपला. तरुणांना हे पटले असे नाही. चौघे-पाचजण किल्ल्यावर गेलेच. त्यांच्याकडे दोन चांगले गॉगल दिले आणि एकच अट घातली, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

खाली येणाऱ्या सूर्याचा एक मोठा फायदाही होता. स्पर्शाच्या वेळी तो क्षितिजापासून सोळा-सतरा अंशच वर असणार. उन्हाची तिरीप जवळजवळ आडवी. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतून आत येऊन समोरच्या भिंतीवर पडणारी. आणि गल्लीत एक जुना वाडा होता, ज्याच्या माडीवरची लांबट खोली पूर्व-पश्चिम पसरलेली, पश्चिमेला उंच झरोका, समोर पांढरी भिंत. झरोक्यापुढे वाटेत काही नाही. बघताक्षणी ठरले, कार्यक्रमाचे मुख्य ठिकाण गच्ची नव्हे, ही माडी.

माडीवरची भिंत

झरोक्याला मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकून त्याला सहा मिलिमीटरचे एक छिद्र पाडले. बाकीच्या फटी ब्लँकेटने आणि जुन्या सतरंजीने बुजवल्या. गणित साधे आहे: छिद्रापासून पडदा जेवढा लांब, त्याच्या १०९ व्या भागाएवढे सूर्याचे चित्र पडते, म्हणजे मीटरला नऊ मिलिमीटरच्या आसपास. माडी सात मीटरची. चित्र साडेसहा सेंटिमीटरचे, बेसनाच्या मोठ्या लाडवाएवढे.

रंगीत तालीम २४ ला, लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत. सूर्याची वाट एका दिवसात फार बदलत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी त्याच वेळी जे दिसते जवळपास तेच दुसऱ्या दिवशी दिसणार, फक्त घास वगळून. पाचच्या आधी चित्र भिंतीच्या पायथ्याशी, उत्तरेच्या कोपऱ्याकडे उमटले. सूर्य खाली उतरत गेला तसे ते भिंतीवर वर चढत गेले. पोरांना हेच आधी नवल. त्यातल्या एका नववीतल्या मुलीने दर पाच मिनिटांनी पेन्सिलने गोल गिरवले. ही वर्तुळे तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी चित्र थोडे बाजूला सरकणार होते, पण तेवढ्याच वर्तुळाशी ताडून कुठे किती खाल्ले गेले ते मोजता येणार होते.

त्याच संध्याकाळी एक वाद झाला आणि त्यातून सगळ्यात चांगला प्रयोग निघाला. कुणीतरी विचारले, छिद्र गोल आहे म्हणून चित्र गोल दिसते ना? मी काही बोललो नाही. स्वयंपाकघरातून सोऱ्या मागवला. त्यातली चकलीची चकती काढली, जिचे भोक चांदणीसारखे असते, आणि छिद्राच्या जागी ती बसवली. आधी चकतीपासून वीतभर अंतरावर कागद धरला: चांदणी. मग कागद मागे मागे नेला. कोपरे बोथट झाले, दीडेक मीटरला सगळे कसेतरी फुगीर दिसू लागले, आणि समोरच्या भिंतीवर गरगरीत गोल. तिथे पडतो तो सूर्याचा आकार, भोकाचा नाही. चकलीचे भोक सेंटिमीटरभर रुंद, त्यामुळे गोलाची कड जरा पुसट. पण प्रयोग करणारी पोरे त्या पुसटपणावरही भांडली आणि मग शेवेची चकती लावून बघितली. तिच्या बारीक भोकांतून भिंतीवर सूर्यच सूर्य पडले, एकमेकांवर चढलेले. बहुतेक भोके चिकटपट्टीने बुजवल्यावर दोन-तीन सूर्य स्पष्ट, काटेकोर, पण अंधुक. बारीक भोक म्हणजे रेखीव पण फिके, मोठे भोक म्हणजे ठळक पण पुसट. हे मी वर्गात फळ्यावर अनेकदा सांगितले आहे, इतक्या पटकन कधी कळलेले नाही.

बुंदीचा झारा गच्चीसाठी राखून ठेवला. त्याची भोके तीन-चार मिलिमीटरची. भिंतीपासून हातभर अंतरावर धरला तर फक्त झाऱ्याचीच सावली दिसते. दोन मीटरवर धरला की प्रत्येक भोकातून एकेक छोटा सूर्य. झारा धरणाऱ्याची पाठ सूर्याकडे, बघणाऱ्यांचीही पाठ सूर्याकडे. जिन्याच्या खोलीची चुना मारलेली भिंत हा पडदा. पीठ चाळायची चाळणी कुणी आणली होती, ती परत पाठवली. तिची भोके इतकी दाट की चित्रे एकमेकांत मिसळून नुसता उजेड पडतो.

माडीचा आणखी एक उपयोग झाला, जो मी ठरवला नव्हता. वाड्यातल्या वहिनींना सातवा महिना होता. त्यांच्या आजेसासूबाईंचा नियम ठाम: गरोदर बाईने ग्रहणात बाहेर पडायचे नाही, सुरी-कात्री हातात धरायची नाही. आजींनी १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण अनुभवलेले. तेव्हा खग्रासचा पट्टा कारवार, हुबळी, रायचूरवरून गेला आणि आपल्याकडेही सूर्याची कोर उरली होती. रस्ते ओस पडले होते, खिडक्यांना पडदे लावून लोक घरात बसले होते. पोटातल्या बाळावर ग्रहणाचा परिणाम होत नाही, हे वहिनींना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होतेच. तरी तो वाद मी दिवाळीत काढला नाही. वहिनी माडीवर, अंधाऱ्या खोलीत, घराच्या आत बसल्या. कातरकाम काही नव्हतेच. भिंतीवर ग्रहण बघितले. आजींनी दाराशी बसून फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रे ठेवली आणि मधूनमधून डोकावून ‘किती खाल्लं रे?’ विचारत राहिल्या.

काचा, नंबर आणि हळदीचे पाणी

गॉगल गोळा केले ते बहुतेक २०१९ चे, कुणाच्या कपाटातून, कुणाच्या पुस्तकाच्या पानांतून निघालेले. तीन वर्षे जुने म्हणून ते फेकले नाहीत आणि छापील शिक्का आहे म्हणून स्वीकारलेही नाहीत. ‘आयएसओ १२३१२-२’ हे ग्रहण-गॉगलसाठीचे मानक पाळणारा फिल्टर दिसणाऱ्या प्रकाशाचे लाखात जेमतेम तीन भाग किंवा त्याहून कमी आत सोडतो. याचा घरगुती अंदाज असा: गॉगल लावून खोलीत बघितले तर काळोख दिसला पाहिजे. ट्यूबलाइट नाही, खिडकी नाही, काहीच नाही. मग अंधारात मोबाइलचा टॉर्च मागून धरून पडद्यावर टाचणीएवढे छिद्र, ओरखडा, घडीची रेघ आहे का ते बघायचे. या चाचणीत बरेच बाद झाले. एकात तर खिडकीचे गज मोजता येत होते. तो मी पोरांसमोर कात्रीने कापला, नाहीतर संध्याकाळी कुणाच्या तरी नाकावर परत दिसला असता.

गल्लीतल्या एकाचे एमआयडीसीत ग्रिल-गेटचे वर्कशॉप आहे. त्याने मोठ्या मनाने वेल्डिंगचे हेल्मेट आणि गॅस कटिंगचे हिरवे गॉगल आणले. इथे काचेचा नंबर महत्त्वाचा: नंबर जितका मोठा, तितकी काच काळी. सूर्यासाठी १४ नंबरची काच लागते. आर्क वेल्डिंगच्या हेल्मेटमधे सहसा १० किंवा ११ असते. एकेका नंबराला प्रकाश सुमारे २.७ पट बदलतो, म्हणजे ११ मधून १४ च्या जवळपास वीसपट. गॅस कटिंगचा गॉगल ५ नंबरच्या आसपासचा, त्यातून १४ च्या काही हजार पट. ‘आम्ही रोज वेल्डिंग बघतो की,’ हा त्याचा मुद्दा. पण तो ठिणगीकडे बघत असताना डोळे दिपले तर आपोआप मिटतात. ग्रहणात लोक ठरवून, डोळे न मिटता, टक लावून बघतात. हेल्मेट परत गेले. हिरवे गॉगल मी माझ्याच पिशवीत घातले.

एक्स-रेची फिल्म हा आणखी एक जुना भरवसा. पूर्वीच्या फिल्ममधे चांदीचा थर असे. आता दवाखान्यातून मिळते ती बहुतेक डिजिटल छपाई, तिच्या काळेपणावर सूर्य सोपवता येत नाही. आणि चांदीच्या फिल्मवरही छातीच्या पिंजऱ्याचे चित्र असेल तर अर्धी फिल्म पारदर्शकच. काजळी धरलेली काच, सीडी, दोन-तीन उन्हाचे गॉगल एकावर एक, हे सगळे त्याच रांगेतले.

हळदीचे पाणी मात्र खोलात जाऊन बघण्यासारखे निघाले. परातीत हळदीचे किंवा शेणकाल्याचे पाणी घेऊन त्यात ग्रहण बघायची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. तिच्यामागे विचार आहे: पाणी बराचसा प्रकाश गिळते, थोडाच परत पाठवते. सूर्य डोक्यावर असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के प्रकाश परततो. पण आपल्याला लाखात तीन भाग हवेत, दोन टक्के म्हणजे लाखात दोन हजार. आणि आमचे ग्रहण मावळतीचे. किरण जितके आडवे, तितके पाणी आरशासारखे वागते. सूर्य दहा अंशांवर असताना तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रकाश पाण्यावरून थेट डोळ्यात येतो. हळदीने यात काही फरक पडत नाही, कारण हे प्रतिबिंब पाण्याच्या वरच्या पातळीवरून येते आणि हळद तिच्या खाली असते. एका आजोबांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘म्हणजे आम्ही वाचलो ते पाण्यानं नाही, पाणी हलत होतं म्हणून.’ मला त्यांचे म्हणणे निम्मे तरी बरोबर वाटते. ते परात घेऊन आले नाहीत.

डोळ्याला नेमके काय होते, हे मोठ्या पोरांना नीट सांगितले. डोळ्यातले भिंग सूर्याचे चित्र पडद्यावर, पीतबिंदूवर, एकवटते. तिथल्या पेशींत मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाने रासायनिक बिघाड होतो. पडद्याला दुखण्याची जाणीवच नाही, त्यामुळे इजा होताना काही कळत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाचताना मधोमध धूसर डाग दिसतो, सरळ रेघ वाकडी दिसते. काहींचे काही आठवड्या-महिन्यांत बरेचसे सुधारते, काहींचा डाग राहून जातो, आणि खात्रीचा उपचार नाही. लहानांना एवढे सांगायची गरज नव्हती. त्यांना कवायत दिली: आधी पाठ, मग गॉगल, मग वळायचे. बघून झाले की आधी पाठ, मग गॉगल काढायचा. चष्मा असेल तर चष्म्यावरून गॉगल. दुर्बीण किंवा कॅमेरा गॉगलमधून अजिबात नाही, कारण दुर्बिणीने एकवटलेल्या उन्हात तो फिल्टर जळून भोक पडू शकते. मोबाइलने फोटो हवा तर भिंतीचा काढायचा.

ती संध्याकाळ

परतीचा पाऊस नुकताच संपला होता, आकाश स्वच्छ. पावणेपाचलाच माडी भरली. स्पर्शाचा क्षण कुणालाच पकडता आला नाही. पेन्सिलने नव्याने गिरवलेल्या वर्तुळात गोल बरोबर बसला होता, आणि पाचच्या पुढे कधीतरी त्या नववीतल्या मुलीला एका कडेला वर्तुळ आणि उजेड यांच्यात बारीक फट दिसली. ‘चावलं!’ ती ओरडली. मग पुढचा अर्धा तास भिंतीसमोरून कुणाला हलवणे मुश्किल. छिद्रातून चित्र उलटे पडते, त्यामुळे भिंतीवरचा घास आणि आकाशातला घास विरुद्ध बाजूंना. हे ताडून बघायला पोरे गटागटाने गच्चीवर गेली. एका वेळी गॉगलएवढीच पोरे. पश्चिमेचा कठडा बुटका असल्यामुळे त्याच्यापासून चार फुटांवर दोरी बांधली होती.

खरी कसोटी सव्वापाचनंतर लागली. सूर्य खाली आला, आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा धूर अजून हवेत तरंगत होता, आणि गॉगलमधले नारिंगी बिंब फिकट फिकट होत गेले. एक सहावीतला मुलगा म्हणाला, ‘यात काही दिसत नाही,’ आणि गॉगल कपाळावर सरकवायला हात वर गेला. फिल्टर दुपारच्या सूर्याच्या बेताने केलेला असतो, त्यामुळे खाली उतरलेला सूर्य त्यातून मंद दिसतो. डोळ्याला मात्र तो अजून मंद नसतो. सात-आठ अंशांवरचा सूर्य लालसर दिसतो म्हणून सौम्य झाला असे मानायला काही आधार नाही. किती धूर, किती बाष्प, किती सेकंद, हे कुणी मोजत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या मुलाने त्याचा खांदा धरून त्याला पूर्वेकडे वळवले. दर तीन लहानांमागे एक मोठा ठेवला होता तो याचसाठी. किल्ल्यावर गेलेल्यांना घातलेली अटही हीच होती: गॉगलमधून सूर्य दिसेनासा झाला, की तुमच्यापुरते ग्रहण संपले. मावळतीला गॉगल काढून ‘शेवटचे एकदा’ बघायचे नाही.

गल्लीच्या टोकाला एकजण तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन ‘बघ बाप्पा कसा झालाय’ करत थेट सूर्याकडे बोट दाखवत होता. लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग मोठ्यांपेक्षा जास्त नितळ असते, निळा प्रकाश अधिक आत सोडते. त्याला भाषण दिले नाही. बुंदीचा झारा त्याच्या हातात दिला आणि त्याच्या घराच्या दाराशेजारची भिंत दाखवली. दोन मीटर मागे सरकल्यावर भिंतीवर डझनभर चावलेले सूर्य उमटले. पोरीने ते पकडायला हात पुढे केला आणि स्वतःच्या सावलीने सगळे पुसून टाकले.

साडेपाचच्या सुमारास माडीवरचे चित्र वरून कापले जाऊ लागले. पोरांच्या डोक्यात तेव्हा दोनच गोष्टी: चंद्र की डोंगर? चंद्राची कड गोलाई धरून, डोंगराची वेडीवाकडी. आधी वाटले ढग आला. मग कुणीतरी खिडकीतल्या पुठ्ठ्याकडे आणि भिंतीकडे आलटून पालटून बघत म्हणाले, अरे, चित्र उलटे, म्हणजे डोंगर चित्रात वरच दिसायला हवा. थोडा वेळ गोंधळ झाला. शेवटी कळले की वरून कापणारी ती कड डोंगराचीच होती. 

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या ओवाळण्यांच्या मधे, प्रत्येकाला गणिताच्या चौकडीच्या वहीचे एक पान दिले. मधोमध ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचे, मग दुसरा. कुठे रेघ वाकडी दिसते का, एखादा चौकोन गायब किंवा धूसर आहे का? असेल तर वाट न बघता नेत्रतज्ज्ञाकडे. किल्ल्यावरच्या मंडळींनाही हेच करायला लावले. एकाचे डोळे चुरचुरत होते. त्याचे कारण बाण आणि भुईचक्र निघाले.

२ ऑगस्ट २०२७

आता पुढचे. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण स्पेनच्या दक्षिण टोकापासून इजिप्त, सौदी अरेबिया, येमेनवरून जाताना खग्रास असेल. लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ. आपल्याकडे दुपार उतरल्यावर खंडग्रास, अर्ध्याहून जास्त बिंब उघडेच. वार सोमवार, आषाढातली अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस आणि सोमवतीही. शाळा सुरू असणार, पोरे वर्गातच सापडतील.

अडचण पावसाची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य दिसणे नशिबावर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा पुढे सांगलीतल्या आटपाडी-जतपर्यंत जातो. पाऊस कमी म्हणून ढग नसतात असे नाही, ऑगस्टमधे माणातही कोरडे ढग दिवसदिवस तरंगतात. पण ते फुटतात, सरकतात, मधे निळे दिसते. त्यामुळे एखादा गट म्हसवड-दहिवडीकडे पाठवावा असा विचार आहे. तिकडच्या शाळेशी आधीच बोलून ठेवायचे, आणि ढग फुटेल तेवढीच मिनिटे मिळतील असे धरून कवायत आणखी पक्की करायची. ढगाच्या पातळ पदरातून दिसणारा पांढुरका सूर्य हा मावळतीच्या लाल सूर्याइतकाच फसवा.

साताऱ्यातल्या पेठेला ग्रहणांच्या जुन्या वाटांची आठवण काढून हळहळायला एक कारण आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले होते, तर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर पट्टीने जोडा, रेघ कराडच्या अंगणातून जाते. जिल्ह्यात पोरांना हे सांगितले की ती विचारतात, मग परत कधी? त्यांना २० मार्च २०३४ सांगतो, पण तेव्हा खग्रासासाठी कारगिल-लडाख गाठावे लागेल. त्याआधी २१ मे २०३१ चे कंकणाकृती केरळ-तमिळनाडूत, कोचीपासून मदुराईकडे.

२०२७ ला सूर्य माडीच्या झरोक्यातून समोरच्या भिंतीवर येणार नाही, तो तीसेक अंश वर असेल. तेव्हा आरसा लागेल. छोट्या आरशावर कागद चिकटवून मधे सेंटिमीटरभर खिडकी ठेवायची, मैदानात खुर्चीवर वाळूच्या पिशवीत तो रोवायचा आणि कवडसा वीस मीटर लांबच्या अंधाऱ्या वर्गात टाकायचा. चित्र अठरा सेंटिमीटरचे. आरशात मात्र कुणी डोकावायचे नाही, म्हणून त्याच्यापाशी एक मोठा माणूस बसलेला हवा. नववीतली ती मुलगी आता कॉलेजात आहे, तिने आरसा सांभाळायचे कबूल केले आहे. तिची अट एकच: गट म्हसवडला जाणार असेल तर ती साताऱ्यात थांबणार नाही.